सावली आणि संयम

मराठी भाषेत ऊन 'लागते' आणि व्यसनही 'लागते'. दोन्ही वाक्यांत कर्तेपण माणसाकडे नाही. बाहेरचे काही येऊन त्याला ग्रासते, असाच या शब्दयोजनेचा भाव आहे. आपला सार्वजनिक उपदेश मात्र नेमका उलट दिशेने चालतो. मार्च संपत आला की दुपारी बारा ते तीन या वेळात घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, डोके झाकून घ्या, अशी परिपत्रके निघतात. डिसेंबर संपत आला की मद्य बेताने घ्या आणि घेतल्यावर वाहन चालवू नका, असे फलक चौकाचौकांत लागतात. दोन्ही उपदेशांत शास्त्रदृष्ट्या खोट काढण्याजोगे काही नाही. परंतु ज्याला तो करावयाचा त्याला तो पाळता येईल अशी परिस्थिती कोणी निर्माण करायची, याचे उत्तर त्यांत नसते. सार्वजनिक आरोग्याचा खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

दुपारी घराबाहेर पडू नये, हे सांगायचे कोणाला? कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनाला ते सांगण्याची फारशी गरज नाही. आणि ज्याला गरज आहे त्या गवंड्याला, हमालाला, भाजीवाल्याला, चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला, कापसाच्या किंवा मिरचीच्या शेतात राबणाऱ्या मजूर स्त्रीला ते ऐकण्याची सोय नाही. तिचा रोज दिवसावर ठरलेला असतो. ऊन टाळायचे तर रोज बुडतो आणि रोज टिकवायचा तर ऊन अंगावर घ्यावे लागते. अशा व्यक्तीला काळजी घेण्याचा सल्ला देऊन आपण आपल्या कर्तव्यातून मोकळे होतो, आणि पुढे काही विपरीत घडलेच तर सूचना देऊनही तिने दुर्लक्ष केले, अशी नोंद करून स्वस्थ बसतो.

उष्माघात म्हणजे केवळ उन्हाचा त्रास नव्हे. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्याचे मुख्य साधन घाम हे आहे; घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. पाणी कमी पडले, हवा दमट असली किंवा श्रम थांबलेच नाहीत, तर ही यंत्रणा अपुरी पडते. अंतर्गत तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, की प्रश्न मिनिटांचा होतो. त्याला सावलीत नेऊन थंड पाण्याने भिजवणे, वारा घालणे आणि त्वरेने रुग्णालयात पोचवणे याखेरीज मार्ग नसतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे हा उपचार नसून धोका आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

केवळ पाऱ्याकडे पाहून धोका मोजता येत नाही, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या प्रदान समारंभाला लाखोंचा समुदाय लोटला होता. विदर्भाच्या मानाने त्या दिवशी पारा फार चढलेला नव्हता. परंतु समुद्रकाठची दमट हवा, उघडे मैदान आणि तासन्‌तास बसून राहणे या तिहींचा संयोग झाला आणि १४ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांपैकी प्रत्येकाने पाण्याची बाटली बाळगायला हवी होती, असे म्हणणे सोपे आहे. समारंभाची वेळ सायंकाळची असती, किंवा डोक्यावर मांडव असता, तर काय झाले असते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कारण त्याचे उत्तर श्रोत्यांना द्यावयाचे नाही.

असा प्रश्न एका शहराने स्वतःला विचारला, त्याची हकिकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांवर गेले. पुढे अभ्यासकांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. यांतील बहुतेकांची नोंद उष्माघात म्हणून झालीच नव्हती. वृद्ध, आजारी आणि श्रमिक माणसे गेली ती हृदयविकाराने वा तापाने गेली, असेच घरच्यांनी मानले. या अनुभवानंतर २०१३ साली तेथील महापालिकेने आरोग्यतज्ज्ञांच्या साहाय्याने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील हा असा पहिलाच प्रयत्न मानला जातो. त्यात चमत्कार काही नव्हता. हवामानाचा अंदाज आधी मिळवायचा, रंगांनी दर्शविलेले इशारे लोकांपर्यंत पोचवायचे, दुपारी बागा उघड्या ठेवायच्या, पाणी वाटायचे, डॉक्टरांना आणि परिचारिकांना उष्माघात ओळखण्यास शिकवायचे, इतकेच. एका सार्वजनिक रुग्णालयाने नवजात बालकांचा कक्ष तापणाऱ्या छपराखालच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली हलविला. एवढ्या साध्या व्यवस्थेने दरसाल सरासरी अकराशेहून अधिक मृत्यू टळले असावेत, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात मांडण्यात आला. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे तशाच योजना तयार केल्या. त्यांपैकी किती कपाटात आहेत आणि किती रस्त्यावर, हे नागरिकांनी आपापल्या महापालिकेला विचारले पाहिजे.

वस्तुतः ही दृष्टी आपल्याला परकी नाही. पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानणारा हा समाज आहे. गावाच्या वेशीवरील वड, त्याभोवतीचा पार, रस्त्याच्या दुतर्फा लावलेली झाडे, ही सारी सार्वजनिक आरोग्याचीच साधने होती. शेतकऱ्याचे मुंडासे, वारकऱ्याचे उपरणे, कोकणातील इरले हे ऊनपावसाचा विचार करून सिद्ध झालेले पोशाख होते. विदर्भात उन्हाळ्यात शाळा सकाळी भरतात आणि नवे वर्ष राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा सुरू होते, तो याच शहाणपणाचा अवशेष आहे. आपण मात्र रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड झाडावर चालवतो, बसथांब्याचे छप्पर जाहिरातीला पुरेल एवढेच उभारतो आणि लग्नाचा मुहूर्त ऐन दुपारचा धरून वरात डांबरी रस्त्यावरून काढतो.

उन्हाचा दुसरा उपद्रव उष्णतेपेक्षा निराळा आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण ढगाळ किंवा थंड दिवशीही त्वचेवर आणि डोळ्यांवर परिणाम करतात. गोऱ्या कातडीच्या लोकांत त्यांपासून त्वचेचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो, म्हणून ऑस्ट्रेलियात १९८१ साली एक मोहीम सुरू झाली. सदरा चढवा, मलम चोपडा, टोपी घाला, असे तिचे सोपे सूत्र होते आणि ते एका चित्रातील समुद्रपक्ष्याच्या तोंडी घातले होते. परंतु ती घोषणेवर थांबली नाही. व्हिक्टोरिया प्रांतात तंबाखूवरील करातून आरोग्यनिधी उभा राहिला, त्या निधीच्या आधाराने १९८८पासून हे काम नेटाने चालले, शाळांनी 'टोपी नसेल तर मैदानावर खेळ नाही' असा नियम केला आणि पटांगणांवर छपरे उभी राहिली. सावळ्या कातडीच्या आपल्या लोकांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे, तेव्हा महागड्या मलमांची नक्कल करण्याचे कारण नाही. शिवाय हाडांसाठी लागणारे 'ड' जीवनसत्त्व उन्हातूनच मिळते, त्यामुळे कोवळ्या उन्हाला भिण्याचेही कारण नाही. परंतु भारतातील अंधत्वाचे प्रमुख कारण असलेल्या मोतीबिंदूला हे किरण हातभार लावतात. रुंद काठाची टोपी आणि छत्री यांचा आपल्याकडेही उपयोग आहे. त्यांहून घेण्याजोगी आहे ती त्यांची रीत. मुलाला 'ऊन टाळ' असे सांगण्याआधी त्यांनी त्याच्या पटांगणावर छप्पर घातले.

आता मद्याकडे वळू. कारण ऊन आणि मद्य हे दोन विषय वाटतात तितके वेगळे नाहीत. उन्हाळ्यात थंड बिअर अंगातील उष्णता कमी करते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुस्थिती अशी की शरीरात पाणी राखून ठेवणाऱ्या अंतःस्रावाला मद्य अटकाव करते. त्यामुळे लघवीवाटे पाणी अधिक जाते आणि पिणारा घोट घेत असतानाच आतून कोरडा होत जातो. तहान, थकवा, भोवळ या शरीराच्या सूचनाही मद्याने बोथट होतात. रात्री पिऊन झोपलेला मजूर सकाळी पाण्याची तूट घेऊनच कामावर जातो आणि दुपारच्या उन्हाला तो आधीच अर्धा हरलेला असतो. बिअर सौम्य असते, हाही असाच एक भ्रम. ८ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेल्यात तो तेरा मिलिलिटरच्या आत असतो. म्हणजे 'फक्त एक बिअर' घेणाऱ्याने व्हिस्कीचे चार पेले घेतलेले असतात. हा हिशेब सातवीच्या मुलाला जमेल असा आहे. परंतु तो बाटलीवर छापलेला नसतो.

'जबाबदारीने प्या' हा शब्दप्रयोग अलीकडे फार प्रतिष्ठा पावला आहे. तो मद्यविक्रेत्यांनाही प्रिय आहे, यातच त्याचे मर्म आहे. त्यात सारी जबाबदारी पिणाऱ्याची. बनवणारा, विकणारा, परवाना देणारा आणि कर गोळा करणारा हे सर्व नामानिराळे राहतात. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे. म्हणून त्याच नावाचा सोडा किंवा संगीत विकण्याच्या मिषाने ती नावे घरोघर पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याची गणना निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने मद्याचे पूर्णतः सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे स्पष्ट केले. २०१९ साली जगात मद्यामुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले, असा तिचा अंदाज आहे. तेव्हा बेताने पिणे हे बेसुमार पिण्यापेक्षा बरे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. ते आरोग्यदायी आहे, असे म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणारे सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांत सुमारे एक टक्का आहेत. म्हणजे न पिणाऱ्यांचे बहुमत प्रचंड आहे. 'हल्ली सगळेच घेतात' हे वाक्य खोटे आहे. दुसऱ्या बाजूने, केंद्र शासनासाठी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे पावणेसहा कोटी भारतीयांना मद्याने घातक पातळीवर ग्रासल्याचे आढळले. अवलंबित्व जडलेल्या अडतीस जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतो, असेही ती पाहणी सांगते. पिणारे थोडे, परंतु त्यांतील बुडणारे पुष्कळ आणि हात मिळणारे विरळा, असे हे चित्र आहे.

महाराष्ट्राचे या बाबतीतले धोरण दुटप्पी राहिले आहे. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे. मद्य पिण्यासाठी त्यानुसार परवाना लागतो, ही गोष्ट पिणाऱ्यांतील अनेकांच्या गावीही नसते. एका हाताने संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदाला वंदन करायचे आणि दुसऱ्या हाताने उत्पादन शुल्काची वाढती रक्कम मोजायची, हा सर्वच राजवटींचा परिपाठ. केवळ बंदीने काय होते, हेही आपण पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी अवैध विक्री आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन २०२१ साली उठविण्यात आली. मुक्त विक्री असली म्हणजे विषारी दारू संपते, असेही नाही. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक गरिबांचा बळी घेतला, तेव्हा शहरात परवानाधारक दुकानांची वाण नव्हती. याउलट गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. तेथेही चोरटी विक्री निपटून निघालेली नाही. परंतु २०१६पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमाने गावोगावच्या समित्या, व्यसनींवर उपचार आणि कायद्याची अंमलबजावणी यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे. गावातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद करावे लागते, ही तरतूदही याच जातीची आहे. संयमाला समाजाचा आधार लागतो, हे तिने मान्य केले आहे.

किंमत, अंतर, वेळ आणि वय या चार गोष्टी शासनाच्या हाती आहेत. स्कॉटलंडने मे २०१८ मध्ये मद्याची किमान किंमत कायद्याने ठरविली, तेव्हा केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले. आपल्याकडे किंमत वाढली की गरीब मनुष्य हातभट्टीकडे वळेल, ही शंका रास्त आहे. म्हणून किमतीबरोबर हातभट्टीचा बंदोबस्त आणि उपचाराची सोय ही दोन्ही आली पाहिजेत. पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६पासून हे दाखवून दिले आहे की व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे आणि तो परत उभा राहू शकतो. असे केंद्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात का नसावे? मद्यावरील कराचा एक निश्चित वाटा त्यासाठी राखून ठेवण्यास कोणती अडचण आहे? व्हिक्टोरियाने तंबाखूच्या करातून टोप्या आणि छपरे उभी केली. आपल्याला मद्याच्या करातून खाटा उभ्या करता येतील.

कायदा आणि संयम यांचे नाते समजण्यास वाहनचालकाचे उदाहरण पुरेसे आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो आपल्याकडे गुन्हा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधाचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत वाढला. दंडापेक्षाही तपासणी होणारच, ही खात्री अधिक परिणामकारक असते. व्हिक्टोरियात १९७६पासून कोणाही चालकाला थांबवून श्वास तपासण्याची पद्धत सुरू झाली. तिचा एक फायदा असा की मंडळींत बसलेल्या माणसाला 'मला गाडी चालवायची आहे' असे सांगून नकार देण्याची सोय झाली. आपल्याकडे या सोयीची गरज अधिक आहे. जेवणावळीत जिलेबीचा आग्रह करणारा आपला समाज तोच आग्रह पेल्याच्या बाबतीतही करू लागला आहे. नाही म्हणणाऱ्याची थट्टा करणे हे आतिथ्य नव्हे.

शासनाकडे बोट दाखवून आपल्यालाही सुटता येणार नाही. या पानाचे वाचक शाळेत, कचेरीत आणि महाविद्यालयात आहेत. तेथील छोट्या व्यवस्था त्यांच्याच हाती आहेत. शिक्षकांनी प्रार्थना आणि कवायत उन्हाच्या आधी उरकावी, मुलांच्या टोप्यांना गणवेशात स्थान द्यावे. केरळमध्ये २०१९ साली शाळांतून पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा सुरू झाली; तिला पैसा लागत नाही. कचेरीतील कारकुनाने आपल्या खिडकीसमोरची रांग कोठवर उन्हात जाते, ते एकदा बाहेर येऊन पाहावे आणि त्या रांगेवर कापड ताणण्याची मागणी वरिष्ठांकडे लेखी करावी. आपल्या गल्लीत चालू असलेल्या बांधकामावर पिण्याचे पाणी आहे की नाही, हे विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६च्या कायद्यानेच ती मालकाची जबाबदारी ठरविली होती. विद्यार्थ्यांनी आपल्या संमेलनात आणि सहलीत न पिणाऱ्याला मान द्यावा, आणि पिऊन गाडीला किल्ली लावणाऱ्या मित्राच्या हातून ती काढून घेण्याचे धैर्य दाखवावे.

ही कामे लहान आहेत, म्हणूनच ती करण्याजोगी आहेत. पुढील चैत्रात परिपत्रक निघेल तेव्हा त्यातील प्रत्येक सूचनेपुढे एक प्रश्न लिहावा: ही पाळता यावी म्हणून आपण, आपल्या संस्थेने आणि आपल्या शासनाने काय केले आहे? ज्या सूचनेपुढची जागा कोरी राहील, ती सूचना नसून अंग काढून घेण्याची युक्ती आहे, असे खुशाल समजावे आणि ती काढणाऱ्याकडे उत्तर मागावे.